‘अन्देनी जस्’ हा कुठला शब्द? बोलक्या इंग्रजीतल्या छोट्या शब्दांची उकल

चोपड्याकडच्या एखाद्या केळी बागायतदाराचं घर डोळ्यांसमोर आणा. माल आखातात जातो. तिकडच्या व्यापाऱ्याचा व्हॉट्सॲपवर आवाजी निरोप आला आहे. घरातला पोरगा ॲग्रीचा पदवीधर, इंग्रजी पेपर सहज वाचणारा. तो फोन कानाला लावतो. ‘कंटेनर’ कळतं, ‘पेमेंट’ कळतं, ‘मंडे’ कळतं. मधलं सगळं मात्र ‘अन्देनी जस्’, ‘बटिफी’, ‘कझाय’ असं काहीतरी. बाप विचारतो, “काय सांगी ऱ्हायना रे तो?” पोरगं म्हणतं, “पैशांचं काहीतरी… सोमवारचं.” आता पैसे सोमवारी येणार, की सोमवारपर्यंत आले नाहीत तर काही होणार, की सोमवारीच पाठवले होते? सगळी मेख त्या न कळलेल्या मधल्या भागात आहे.

तोच निरोप कुणी लिहून समोर ठेवला तर त्यात एकही अनोळखी शब्द निघत नाही. ॲन्ड, देन, ही, जस्ट, बट, इफ, बिकॉज, आय. सगळे शाळेत सुरुवातीलाच शिकवलेले. राज्यातल्या मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे एक अख्खी पिढी हे शब्द लहानपणापासून वाचत आली, आणि नेमके तेच शब्द तिच्या कानाला लागत नाहीत. असं का होतं, ते पाहू.

## तीन जातींचे शब्द

व्याकरणाच्या तासाला आठवत असतील अशी तीन नावं लागतील, तेवढीच. दोन वाक्यं जोडतो तो शब्द उभयान्वयी अव्यय: ॲन्ड, बट, सो, बिकॉज, इफ, व्हेन. पुढे याला नुसतं ‘जोडशब्द’ म्हणू. नावाऐवजी येतं ते सर्वनाम: आय, यू, ही, शी, दे, इट. आणि क्रिया कशी, कधी, कितपत घडली हे सांगणारं क्रियाविशेषण: जस्ट, नेव्हर, ऑलवेज, स्टिल, ॲक्च्युअली, ओन्ली.

हे शब्द आखूड आहेत आणि इंग्रजी तोंडात सतत असतात. जॉर्ज झिफ या अमेरिकन अभ्यासकाने १९३५ मध्ये मांडलं होतं की जो शब्द जास्त वापरात तो आखूड होत जातो. रोज हजारदा लागणारी गोष्ट कुणी लांबलचक ठेवत नाही.

## एकाच जागी का गोळा होतात?

कारण इंग्रजी वाक्यात प्रत्येकाची खुर्ची ठरलेली आहे. जोडशब्द वाक्याच्या अगदी तोंडाशी बसतो. त्याला लागून कर्ता, आणि बोलण्यात कर्ता बहुतेक वेळा सर्वनामच असतो. ज्या क्रियाविशेषणांबद्दल आपण बोलतोय ती क्रियापदाच्या आधी बसतात. मग वाक्याच्या सुरुवातीला तिघे शेजारी शेजारी येणार हे ओघानेच आलं:

‘बट शी नेव्हर आस्क्ड.’ पण तिने कधी विचारलंच नाही.
‘इफ यू एव्हर कम टू धुळे…’ कधी धुळ्याला आलात तर…
‘बिकॉज दे स्टिल हॅवन्ट पेड.’ कारण त्यांनी अजून पैसे दिले नाहीत.
‘ॲन्ड देन ही जस्ट लेफ्ट.’ मग तो सरळ निघूनच गेला.

आता केळीच्या भाषेत बोलू. घड कापला की त्याच्या फण्या सुट्या करतात, आणि निर्यातीचा माल फण्या करूनच खोक्यात भरतात. एकेक केळं तोडून कुणी भरत नाही. बोलणारा माणूस ‘ॲन्ड देन ही जस्ट’ ही अशी एक फणी उचलून देतो. आपण शाळेत मात्र प्रत्येक केळं वेगळं शिकलो, आणि कानही वेगळी केळी शोधत बसतो. तोवर पुढची फणी आलेली असते.

सर्वनाम गाळता येत नाही, हा या गर्दीतला मोठा भाग. मराठीत ते क्रियापदाच्या शेपटात असतं. ‘आजारी होते म्हणून आले नाही’ असं बाई म्हणाली की ‘मी’ म्हणायची गरजच नाही. इंग्रजीत ‘वॉज’ मधून मी की तो की ती, काही कळत नाही, म्हणून ‘बिकॉज’ नंतर ‘आय’ हवाच. ‘ही केम ॲन्ड सॅट’ सारख्या वाक्यात ‘ॲन्ड’ नंतर कर्ता तोच असेल तर गाळतात, पण बिकॉज, इफ, व्हेन यांच्यानंतर ही सवलत सहसा नाही. आणि हो, गप्पांत वाक्याच्या अगदी सुरुवातीचा ‘आय’ सर्रास गळतो: ‘डोन्ट नो’, ‘कान्ट से’. ते मात्र आपल्याला लगेच कळतं, कारण ते मराठीसारखं आहे.

## मग आवाज कुठे जातो?

इंग्रजी बोलताना वजनदार शब्दांवर जोर पडतो, बाकीचे दाबले जातात. ‘कंटेनर’, ‘पेमेंट’, ‘लेफ्ट’ यांवर जोर. जोडशब्द आणि सर्वनामं दाबली जातात. दाबली जातात म्हणजे काय, हे अगदी जवळून पाहू. घ्या ‘ॲन्ड देन ही जस्ट टोल्ड देम’.

‘ॲन्ड’ चा ‘ॲ’ जातो, तिथे ‘मन’ मधल्या ‘अ’ सारखा पुसट अ येतो. शेवटचा ‘ड’ जातो. उरतं ‘अन्’, कधी नुसतं ‘न्’. ‘ही’ वाक्याच्या मध्ये आला की त्याचा ‘ह’ जातो, उरतो ‘ई’, आणि तो मागच्या ‘देन’ ला चिकटतो: ‘देनी’. ‘जस्ट’ च्या पुढे व्यंजन आलं की ‘ट’ जातो. ‘देम’ दाबलं की ‘दम’ किंवा नुसतं ‘अम’. एकूण: ‘अन्देनी जस् टोल्डम’. सहा शब्दांचे कानाला तीन झाले, आणि त्यांतला एकही पुस्तकात नाही.

‘बट इफ ही’ चं असंच ‘बटिफी’ होतं, अमेरिकन माणसाच्या तोंडी ‘बडिफी’. ‘बिकॉज आय’ चं ‘कझाय’. ‘टेल हिम’ चं ‘टेलिम’. सगळ्यात फसवं ‘ॲन्ड ही’. भरभर म्हटलं की ते ‘अनी’ होतं, म्हणजे आपल्याकडच्या ‘आनी’ च्या अगदी शेजारी. कान म्हणतो, ‘आणि’ म्हणाला, पुढे ऐकू. पण त्या ‘अनी’ त एक अख्खा माणूस दडलेला असतो, तो निसटतो.

आखडलेल्या रूपांत अजून एक खाच आहे. ‘बटीझ’ ऐकू आलं तर ते ‘बट ही इज’ असेल किंवा ‘बट ही हॅज’. निकाल पुढच्या शब्दावर. ‘बटीझ नेव्हर लेट’ म्हणजे तो कधी उशीर करत नाही. ‘बटीझ नेव्हर पेड’ म्हणजे त्याने आजवर पैसे दिलेले नाहीत. इथे क्रियाविशेषणाची जागाही पाहून घ्या: साध्या क्रियापदाच्या आधी (‘ही ऑलवेज कम्स’), पण इज, हॅज, विल असं काही असेल तर त्याच्या नंतर (‘ही इज ऑलवेज लेट’). नकारात ‘स्टिल’ तेवढा उलटा, ‘हॅवन्ट’ च्या आधी. असले अपवाद पाठ करण्यापेक्षा फणीच पाठ केलेली बरी.

## मराठी कान कुठे वाट पाहतो?

वेग हे अर्धंच कारण. बाकीचं अर्धं आपल्या भाषेत आहे, आणि शिकवणीत ते फारसं कुणी सांगत नाही.

‘पाऊस आला तर ट्रक उद्या निघेल.’ यात अट दाखवणारा ‘तर’ कुठे आहे? पहिलं वाक्य संपल्यावर. ‘जर’ आपण बोलताना बहुधा खातोच. ‘पैसे मिळाले नाहीत म्हणून माल थांबवला’ यातला ‘म्हणून’ ही कारण सांगून झाल्यावर येतो. म्हणजे मराठी कानाची सवय अशी की आधी गोष्ट ऐकायची, मग ती अट होती की कारण होतं, ते शेवटी कळतं. इंग्रजीत ‘इफ’ अगदी पहिल्यांदा येतो, दबक्या आवाजात येतो, आणि पुन्हा येत नाही. तो हुकला की ‘इफ दे पे ऑन मंडे’ चं आपल्या कानात ‘दे पे ऑन मंडे’ होतं. अट होती, तिचं आश्वासन झालं. वरच्या बागायतदाराच्या घरात नेमका हाच घोळ होऊ शकतो.

याच सवयीचा दुसरा परिणाम आपल्या बोलण्यात दिसतो. ‘जरी… तरी’ अशी जोडी आपल्या अंगात मुरलेली, म्हणून ‘ऑल्दो ही केम, बट…’ असं निघतं. ‘बिकॉज… सो’ चंही तेच. इंग्रजीत दोन वाक्यांना एक जोडशब्द पुरतो. ‘इफ… देन’ तेवढं चालतं.

## ‘ही’ नेमका कोण?

खरा अर्थाचा खेळ इथे आहे. हे वाक्य पाहा:

‘द एजंट कॉल्ड द ड्रायव्हर, ॲन्ड देन ही कॉल्ड मी.’

मला फोन कुणी केला? लिहिलेलं असेल तर सांगणं अवघड. बोललेलं असेल तर बहुतेक वेळा कळतं. ‘अन्देनी कॉल्ड मी’ असं दाबून म्हटलं असेल तर एजंटने, जो आधीपासून कर्ता होता त्यानेच. ‘ॲन्ड देन *ही* कॉल्ड मी’ असा ‘ही’ वर स्पष्ट जोर असेल, ‘ह’ ठणठणीत ऐकू येत असेल, तर माणूस बदलला: ड्रायव्हरने.

आता हेच मराठीत म्हणून पाहा. ‘एजंटने ड्रायव्हरला फोन केला आणि मग मला केला.’ सर्वनाम नाही, म्हणजे एजंटच. ‘एजंटने ड्रायव्हरला फोन केला आणि मग त्याने मला केला.’ ‘त्याने’ आलं की कान ड्रायव्हरकडे झुकतो. आपण जिथे सर्वनाम गाळतो तिथे इंग्रजी बोलणारा ते गिळतो. आपण जिथे मुद्दाम उच्चारतो तिथे तो जोर देतो. गाळायची सोय त्याच्या व्याकरणात नाही, म्हणून तो आवाजातून गाळतो. हे एकदा ध्यानात आलं की ‘हे लोक शब्द खातात’ ही तक्रार बरीच निवळते. ऐकू न येणारा ‘ही’ सांगतो की माणूस तोच आहे, आणि ऐकू येणारा सांगतो की थांब, इथे काहीतरी बदललं.

आपल्या ‘च’ चंही असंच. ‘मीच त्याला सांगितलं’ आणि ‘मी त्यालाच सांगितलं’ यांत आपण ‘च’ एका शब्दावरून दुसऱ्यावर हलवतो. इंग्रजीत दोन्हींसाठी शब्द तेच राहतात, ‘आय टोल्ड हिम’, फक्त जोर ‘आय’ वरून ‘हिम’ वर जातो. ‘ओन्ली’ घातला तरी बोलताना तो क्रियापदाच्या आधीच्या ठरल्या खुर्चीत बसतो: ‘आय ओन्ली टोल्ड हिम’. फक्त त्यालाच की नुसतं सांगितलंच, हे पुन्हा जोर ठरवतो. भारतीय इंग्रजीत ‘ही इज लाइक दॅट ओन्ली’ ऐकू येतं ते का, हेही यातून कळतं: आपण ‘च’ ला इंग्रजी कपडे घालून त्याच्या मराठी जागेवर बसवला आहे. आपसांत ते छान चालतं. दुबईतल्या ब्रिटिश माणसाला मात्र क्षणभर थांबावं लागेल.

## जस्ट, ॲक्च्युअली आणि मंडळी

या शब्दांचे शब्दकोशातले अर्थ फणीत फार कामाला येत नाहीत. ‘जस्ट’ एकटाच चार कामं करतो. ‘ही जस्ट लेफ्ट’ म्हणजे आत्ताच गेला, किंवा सरळ निघून गेला. ‘आय जस्ट हॅव वन बॉक्स’ म्हणजे फक्त. ‘कॅन आय जस्ट आस्क’ म्हणजे आपला ‘जरा’: ‘जरा विचारू का?’ त्या ‘जस्ट’ ला अर्थ नाही, अदब आहे. मागेपुढे काय आहे त्यावरून निवड करायची, आणि आपण ‘जरा’ च्या बाबतीत ते न शिकता करतोच.

‘ॲक्च्युअली’ आपल्याकडे दम घ्यायला वापरतात. पुण्यात नोकरी लागलेल्या भाच्याला फोन करा, दर वाक्याला एक मिळेल. मूळ वापरात त्याचं काम नेमकं आहे: समोरच्याची अपेक्षा मोडणं. ‘बट ही ॲक्च्युअली केम’ म्हणजे ‘पण तो चक्क आला’. ‘सो आय ॲक्च्युअली डिडन्ट साइन’ म्हणजे ‘म्हणून मी खरं तर सही केलीच नाही’. निरोपात ‘ॲक्च्युअली’ ऐकू आलं तर कान टवकारावेत, आधीची समजूत बदलायची वेळ आलेली असते.

आणि तरुण मुलं जे म्हणतात ते ‘ॲन्ड आय वॉज लाइक’. १९८० च्या दशकापासून अमेरिकेत ठळकपणे दिसू लागलेली ही फणी. तिचा ‘आवडणं’ शी संबंध नाही. अर्थ ‘मी म्हटलं’. आपलं ‘मी म्हटलं’ सुद्धा मोठ्याने म्हटलेलं असेलच असं नाही ना? ‘त्याने भाव सांगितला, मी म्हटलं, गेलं आता सगळं!’ हे मनातल्या मनात म्हटलेलं आहे. ‘आय वॉज लाइक’ तस्संच.

## हे अशुद्ध इंग्रजी नाही का?

नाही. बातम्या वाचणारे, प्राध्यापक, न्यायाधीश सगळेच बोलताना ‘अन्’ आणि ‘इम’ म्हणतात. उच्चाराच्या कोशांतही अशा शब्दांचे दोन-दोन उच्चार दिलेले असतात, एक जोराचा, एक दबका. ‘टेल देम’ चं ‘टेलेम’ होतं, त्यातल्या ‘एम’ ला तर आळशी म्हणायचीही सोय नाही. जुन्या इंग्रजीत ‘त्यांना’ साठी ‘हेम’ होतं. ‘दे’ आणि ‘देम’ ही रूपं उत्तरेकडून आलेल्या स्कॅन्डिनेव्हियन लोकांच्या भाषेतून आली. आजचा ‘एम’ हा त्या मूळच्या ‘हेम’ चा वारस, घरात ‘देम’ पेक्षा वडील.

आपण तरी काय वेगळं करतो? ‘करत आहे’ चं ‘करतोय’, ‘म्हणत आहेस’ चं ‘म्हणतोयस’. अहिराणीत ‘सांगी राहिना’ चं ‘सांगी ऱ्हायना’. गल्लीत कुणी ‘राहिना’ मधलं प्रत्येक अक्षर सुटं करून बोललं तर तोच परका वाटेल.

‘मी ॲन्ड हिम वेन्ट’ ही गोष्ट वेगळी. ती उच्चाराची नाही, व्याकरणाची ढील आहे. घरगुती गप्पांत चालते, मुलाखतीत खटकते. तिथे ‘ही ॲन्ड आय’ म्हणावं. क्रमही लक्षात ठेवा: आपण ‘मी आणि तो’ म्हणतो, इंग्रजीत स्वतःला मागे ठेवण्याची रीत आहे.

## मग आपणही असंच बोलायचं का?

याची गरज मला वाटत नाही. केनेथ पाइक या अभ्यासकाने १९४५ मध्ये भाषांचे दोन गट सांगितले: जोराच्या ठेक्यावर चालणाऱ्या, आणि अक्षराअक्षराला सारखा वेळ देणाऱ्या. पुढे यंत्रांनी मोजल्यावर ही विभागणी इतकी स्वच्छ निघाली नाही, पण इंग्रजीत दाबलेली अक्षरं फार आणि आपल्याकडे कमी, हे कुणीही ऐकून सांगेल. आपण प्रत्येक अक्षराला न्याय देत इंग्रजी बोलतो. ते जगाला कळतं, आणि अरब किंवा चिनी ग्राहकाला तर लंडनच्या इंग्रजीपेक्षा सोपं जातं. ओढूनताणून ‘अन्देनी’ म्हणायला गेलं की उगाच तोंडात खडा धरल्यासारखं होतं.

एवढं मात्र करावं: सगळ्या शब्दांवर सारखा जोर देऊ नये. ‘*ही* टोल्ड मी’ असं सवयीने ठासून म्हटलं तर ऐकणाऱ्याला वाटतं, दुसऱ्या कुणी नव्हे, त्यानेच सांगितलं. तक्रार नसताना तक्रारीचा सूर लागतो.

## आणि परीक्षेतले मार्क?

‘ॲन्ड’, ‘बट’, ‘बिकॉज’ ने वाक्य सुरू करू नये असं शाळेत सांगतात. पेपरात ते पाळावं, मार्क गुरुजींच्या हातात असतात. बोलण्यात हा नियम कुणी पाळत नाही. ‘व्हाय?’ ला ‘बिकॉज आय जस्ट फरगॉट’ हे पूर्ण उत्तर आहे.

## कान तयार कशावर करायचा?

भुसावळ जंक्शनवरची इंग्रजी घोषणा यासाठी निरुपयोगी. रेकॉर्ड केलेले तुकडे जोडून ती बनते, त्यामुळे शब्द सुटे आणि ठसठशीत येतात, चिकटतच नाहीत. वाचून दाखवलेली भाषणंही फारशी कामाची नाहीत. लागतं ते न लिहिता बोललेलं इंग्रजी, आणि ते खानदेशात घरोघरी चालू असतं: क्रिकेटची इंग्रजी कॉमेंट्री. त्यातही चेंडू पडत असतानाची नाही, दोन षटकांमधली माजी खेळाडूंची बडबड. ‘ॲन्ड हीज जस्ट’, ‘बट हीज नेव्हर’, ‘बिकॉज दे ऑलवेज’ यांचा तिथे पाऊस असतो, आणि विषय आधीच ठाऊक असल्याने कानाला फक्त फणीच पकडायची असते. यूट्यूबवर असेल तर वेग पाऊणपट करा, एकच मिनिट घ्या, खालची अक्षरं बंद ठेवा, आणि काय म्हणाला ते जसं ऐकू आलं तसं देवनागरीत लिहून काढा. ‘अन्देनी’ असंच लिहायचं, सुधारायचं नाही. मग अक्षरं चालू करून ताडून पाहा.

आवाजी निरोपालाही तेच. व्हॉट्सॲपवर निरोपाचा वेग वाढवता येतो. बरेच जण तो दीडपट करून ठेवतात आणि विसरतात. परदेशातला निरोप ऐकण्याआधी तो एकपट आहे ना, एवढं पाहून घ्या. आणि पैशाचा विषय असेल तर लाज न बाळगता उलट लिहून विचारा: ‘सो यू विल पे ऑन मंडे, ऑर इफ?’ व्याकरण मोडकं आहे, पण समोरचा ‘इफ’ ला उत्तर देईल.